पोरांच्या खेळासाठी उघडलेलं कवाड

समजा, गिरडमधल्या एका घरात अकरावीतल्या पोरानं दिवाळीच्या सुट्टीत माइनक्राफ्टचा सर्व्हर मांडला. मामाची पोरं नागपूरला, मावसभाऊ हिंगणघाटला आणि एक चुलतभाऊ पुण्यात. सगळ्यांनी मिळून एकाच जगात किल्ला बांधायचा, असं ठरलं. घरात जुना कॉम्प्युटर होता, फायबरची लाइन होती. पोरानं यूट्यूबवरचा एक व्हिडिओ पाहून राउटरमध्ये दोन-चार आकडे भरले, भावांना व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता पाठवला आणि आईनं हाक मारली म्हणून जेवायला गेला.

जेवून येऊन पाहतो तर सर्व्हरच्या काळ्या खिडकीत ओळीच्या ओळी चढलेल्या. त्यात भावांची नावं होतीच, पण तीन-चार भलतीच नावंही होती. कुणी आत येऊन लगेच बाहेर पडलं होतं, कुणी नुसतं दार ठोठावून गेलं होतं. पत्ता तर चौघांनाच दिला होता. मग या बाकीच्यांना कुणी सांगितला?

कुणीच नाही. हे कसं घडतं ते एकदा समजलं, की घरी गेम सर्व्हर मांडण्यातले बाकीचे धोके समजायला वेळ लागत नाही.

कॅरम ज्याच्या घरी, पोरं त्याच्या घरी

चार पोरांना एकत्र कॅरम खेळायचा तर बोर्ड कुणाच्या तरी घरी असावा लागतो. ऑनलाइन खेळाचंही तसंच. कुणी कुठे भिंत बांधली, कुणाच्या पेटीत किती सोनं आहे, रात्र झाली की दिवस आहे, याचा हिशेब एका कॉम्प्युटरनं ठेवायचा आणि बाकीच्यांना सांगत राहायचं. हा हिशेब ठेवणारा तो सर्व्हर. मोठ्या कंपन्यांच्या खेळांत तो कंपनीच्या इमारतीत असतो. माइनक्राफ्टसारख्या खेळात मात्र कंपनीच सर्व्हरचं सॉफ्टवेअर फुकट देते आणि म्हणते, हवं तर तुमच्या घरी चालवा. या खेळाच्या तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या असल्याचं कंपनीनं २०२३ मध्ये जाहीर केलं. त्यामुळे घरगुती सर्व्हर ही आता मूठभर हौशी लोकांची गोष्ट राहिलेली नाही.

कॅरमला येणाऱ्या पोरांना आपण तोंडानं ओळखतो. इथे येणाऱ्याला तोंड नसतं, नुसता आकडा असतो. फरक पडायला इथूनच सुरुवात होते.

देवडीवरचा माणूस

घराचा राउटर म्हणजे जुन्या वाड्याची देवडी. वाड्यात खोल्या अनेक : आईचा मोबाइल, बाबांचा लॅपटॉप, टीव्ही, गोठ्यावरचा कॅमेरा. बाहेरच्या जगाला मात्र वाड्याचा एकच पत्ता दिसतो. आतून कुणी पत्र धाडलं की देवडीवरचा माणूस ते वहीत टिपून ठेवतो, आणि त्याचं उत्तर आलं की बरोबर त्या खोलीत नेऊन देतो. न मागता बाहेरून कुणी आलं तर तो त्याला परत पाठवतो. तो फार दक्ष आहे म्हणून हे होतं असं समजू नका. आलेल्याला कुठल्या खोलीत न्यावं हेच त्याला ठाऊक नसतं, एवढंच. पण या अज्ञानानं आपली घरं बरीच वर्षं राखली आहेत.

गेम सर्व्हरला हे अज्ञान आड येतं. पुण्याचा चुलतभाऊ न बोलावता दारात येणार, त्याला आत घ्यायलाच हवं. म्हणून राउटरला सांगावं लागतं : जो कुणी २५५६५ हा आकडा सांगेल, त्याला सरळ माझ्या कॉम्प्युटरपाशी आण. हा आकडा म्हणजे पोर्ट, एकाच पत्त्यावरचा दरवाज्याचा क्रमांक. प्रत्येक पत्त्यावर असे पासष्ट हजारांवर क्रमांक असतात, आणि माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा ठरलेला क्रमांक २५५६५. राउटरला दिलेल्या या हुकमाला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

आता हुकमातले शब्द पुन्हा वाचा. ‘जो कुणी’. ‘माझा चुलतभाऊ’ असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

पत्ता कुणी सांगितला?

आपण इंटरनेटला फार मोठं समजतो. इतक्या गर्दीत गिरडच्या एका घराकडे कोण बघतंय, असं वाटतं. पण जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते आहेत फक्त ४२९ कोटी. माणसाला हा आकडा अफाट आहे, यंत्राला नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन लोकांपुढे ठेवलं. चांगली लाइन असेल तर एकच कॉम्प्युटर त्याच्या मदतीनं जगातल्या या सगळ्या पत्त्यांवरचा एक ठरावीक दरवाजा पाऊण तासाच्या आत ठोठावून येतो. गावात एका घरी लग्नाची पत्रिका वाटायला जितका वेळ जातो, तितक्यात जगातलं प्रत्येक दार.

उघड्या दारांच्या याद्या ठेवणारी शोदान नावाची शोधयंत्रणा २००९ पासून चालू आहे. माइनक्राफ्टचेच उघडे सर्व्हर हुडकून त्यांची नोंद ठेवणारे प्रकल्पही आहेत. कुणी संशोधन म्हणून हे करतं, कुणी आत घुसून पोरांचे किल्ले सुरुंगानं उडवायची मजा म्हणून. सर्व्हरच्या त्या काळ्या खिडकीत उमटलेली अनोळखी नावं बहुतेक या फिरत्या यंत्रांचीच. त्यांना गिरड माहीत नाही आणि तुम्हीही माहीत नाही. ते दारं मोजत निघालेले असतात आणि तुमचं दार उघडं सापडतं.

दार ठोठावल्यानं लगेच काही बिघडत नाही, हे खरं. बिघडतं ते आत काय आहे त्यावर.

पूर

पहिला धोका सगळ्यात ओबडधोबड आहे. खेळात हरलेला एखादा पोरगा चिडतो आणि तुमच्या पत्त्यावर कचरा-संदेशांचा लोंढा सोडायला लावतो. गिरडच्या टेकडीवर गर्दीच्या दिवशी अरुंद रस्त्यावर गाड्या एकमेकींत अडकतात, तेव्हा आजारी माणसाला घेऊन निघालेली गाडीही तिथेच उभी राहते. तसंच हे. खोट्या संदेशांनी लाइन भरली की खऱ्या संदेशांना वाट उरत नाही. याला डीडॉस हल्ला म्हणतात, आणि तो सोडायला हुशारी लागत नाही. पैसे घेऊन असे लोंढे सोडणारी ‘बूटर’ नावाची दुकानं इंटरनेटवर चालतात. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी अशी ४८ संकेतस्थळं एकदम जप्त केली. तेवढ्यानं धंदा थांबला नाही.

लोंढा किती मोठा असतो? याची सगळ्यात बोलकी गोष्ट माइनक्राफ्टच्याच अंगणात घडली. अमेरिकेत तीन तरुण होते. त्यांतला पारस झा हा रटगर्स विद्यापीठात शिकत होता. माइनक्राफ्टचे मोठे सर्व्हर चालवण्यात बरा पैसा असतो, आणि प्रतिस्पर्ध्याचा सर्व्हर बंद पडला की गिऱ्हाईक आपल्याकडे येतं. तेव्हा हल्लाही आपणच करायचा आणि हल्ल्यापासून संरक्षणही आपणच विकायचं, असा त्यांचा खाक्या. त्यासाठी २०१६ मध्ये त्यांनी मिराई नावाचा प्रोग्राम लिहिला. तो इंटरनेटवर फिरून घराघरांतले कॅमेरे आणि राउटर शोधायचा आणि कारखान्यातून आलेले साठेक नाव-पासवर्ड एकामागून एक लावून पाहायचा : ‘अ‍ॅडमिन’, ‘अ‍ॅडमिन’ वगैरे. कुलूप उघडलं की ते यंत्र त्याच्या फौजेत भरती. मालकाला पत्ताच नाही, त्याचा कॅमेरा दाखवायचं काम करतच राहायचा.

सप्टेंबर २०१६ मध्ये या फौजेनं ब्रायन क्रेब्ज या पत्रकाराच्या संकेतस्थळावर सेकंदाला सुमारे ६२० गिगाबिटचा लोंढा सोडला. आपल्या घरची फायबर लाइन सेकंदाला १०० मेगाबिटची धरली, तर अशा ६,२०० लाइनी एकदम तुंबतील एवढा. पुढे या तिघांनी प्रोग्रामची संहिता उघड्यावर टाकली, ती दुसऱ्यांनी उचलली, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवरच्या हल्ल्यानं ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेच्या मोठ्या भागात काही तास कोलमडल्या. पोरांच्या खेळातल्या धंद्याच्या भांडणातून हे सगळं निघालं होतं. डिसेंबर २०१७ मध्ये तिघांनी गुन्हा कबूल केल्याचं बाहेर आलं.

लोंढ्याची झळ शेजाऱ्यांनाही लागते, हे जानेवारी २०२२ मध्ये अँडोरानं अनुभवलं. फ्रान्स आणि स्पेनच्या मधला हा चिमुकला देश, सगळ्यांना इंटरनेट पुरवणारी कंपनी एकच. तिथे राहणारे काही नामवंत खेळाडू माइनक्राफ्टच्या एका बक्षिसाच्या स्पर्धेत खेळत होते. त्यांना बाहेर काढण्यासाठी कुणीतरी लोंढा सोडला आणि देशातल्या इतरांचंही इंटरनेट गचके खाऊ लागलं. मुंबईत जुलै २०१६ मध्ये इंटरनेट पुरवठादारांवर असाच मोठा हल्ला झाला होता आणि पोलिसांत गुन्हाही नोंदवला गेला. त्याचा खेळाशी संबंध होता असं माझं म्हणणं नाही. पुरवठादाराच्या नळात पूर आला की त्या नळावरचं प्रत्येक घर कोरडं पडतं, एवढंच त्यातून घ्यायचं. गावात एकाच केबलवाल्याची लाइन असेल, तर तुमच्या पोराच्या भांडणात ग्रामपंचायतीचं कामही अडकू शकतं.

सर्व्हर घरून चालवला की खेळणाऱ्या प्रत्येकाला तुमच्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता आपोआप कळतो. मी सगळ्यांना सांगतो ती गोष्ट हीच : पत्ता एकदा गेला की तो मागे घेता येत नाही.

भोळा कारकून

पूर ओसरतो, राउटर बंद करून चालू केला की बऱ्याचदा लाइन परत येते. दुसरा धोका तसा ओसरत नाही, कारण तो दारातून आत येऊन बसतो.

प्रत्येक सर्व्हर एक रोजनामा लिहीत असतो : अमुक आला, तमुक गेला, अमुक चॅटमध्ये हे म्हणाला. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत हा रोजनामा लिहिण्याचं काम लॉगफोरजे नावाच्या तयार सॉफ्टवेअरकडे होतं. जगातली हजारो सॉफ्टवेअर हाच कारकून वापरत होती. या कारकुनाला एक विचित्र खोड होती. लिहायला सांगितलेल्या मजकुरात विशिष्ट खुणा करून ‘अमुक पत्त्यावर जे आहे ते आणून इथे लाव’ असं असेल, तर तो नुसतं लिहून न थांबता खरोखरच तिकडे जाऊन ते घेऊन यायचा. शाळेच्या हजेरीवहीत एखाद्या पोरानं आपल्या नावाच्या जागी ‘तिजोरी उघडून किल्ली मला द्या’ असं सांगावं, आणि गुरुजींनी ते लिहिता लिहिता उठून तिजोरी उघडावी, तसं.

ही खोड २०१३ पासून त्यात होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये अलिबाबा क्लाउडच्या सुरक्षा चमूतल्या एका संशोधकानं ती कळवली आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती जगजाहीर झाली. मग चॅटमध्ये एक ओळ चिकटवायची की समोरचा सर्व्हर तुमचं ऐकू लागला. नुसता सर्व्हरच नाही, ती ओळ ज्यांच्या पडद्यावर उमटली त्या खेळाडूंचे कॉम्प्युटरसुद्धा. धोक्याच्या मोजपट्टीवर या दोषाला दहापैकी दहा गुण मिळाले. माइनक्राफ्टनं घाईघाईनं १.१८.१ ही दुरुस्त आवृत्ती काढली.

यात पोराची चूक काय? काहीच नाही. त्यानं पासवर्ड सांगितला नव्हता, वाकड्या लिंकवर बोट ठेवलं नव्हतं. दार उघडं होतं आणि दारामागच्या कारकुनाला खोड होती, बस. म्हणून ‘मी सांभाळून वापरतो’ हे सर्व्हर चालवणाऱ्याचं उत्तर होऊ शकत नाही. सर्व्हर अद्ययावत आहे का, हा एकच प्रश्न त्याला विचारायचा. आणि घरी मांडलेले सर्व्हर बहुधा अद्ययावत नसतात, कारण नवी आवृत्ती घातली की आवडते मॉड चालेनासे होतात, म्हणून पोरं जुन्यालाच चिकटून राहतात.

पोत्यातला माल

मॉड म्हणजे मूळ खेळात कुणी तिसऱ्यानंच लिहून जोडलेली भर : नवे प्राणी, नवी हत्यारं. इथे गिरडकरांना वेगळा दाखला द्यायची गरज नाही. ख्वाजा शेख फरीद यांच्या टेकडीवर सापडणाऱ्या सुपारी-नारळासारख्या दगडांची कथा तिथलं लहान मूलही सांगतं. व्यापाऱ्यांनी या फकिराची टर उडवली आणि त्यांच्या पोत्यांतल्या मालाचे दगड झाले. भूशास्त्राच्या हिशेबानं ते झिओलाइट, काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत तयार झालेलं खनिज. कथेतल्या व्यापाऱ्यांना निदान पोतं उघडल्यावर दगड दिसला. मॉडच्या पोत्यात तो दिसतही नाही.

जून २०२३ मध्ये कर्सफोर्ज आणि बकिट या नावाजलेल्या ठिकाणच्या काही मॉड आणि प्लगइनमध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा घातक प्रोग्राम मिसळलेला सापडला. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरायचा, कॉपी केलेला क्रिप्टो-पाकिटाचा पत्ता गुपचूप बदलायचा आणि कॉम्प्युटरवरच्या इतर जावा फायलींतही शिरायचा. मॉड तर चालतच होता, नवे प्राणीही दिसत होते. चोरी त्याच्या आडून चालली होती. ही ठिकाणं गल्लीतली नव्हती, सगळ्या जगाच्या विश्वासातली होती. टेलिग्रामवरून उतरवलेल्या फायलींबद्दल मग बोलायलाच नको.

‘मीच तो’

एक सवय आपल्याकडे विशेष पसरलेली आहे. खेळ विकत घ्यायला पैसे नसतात, म्हणून पोरं फुकटची चोरटी आवृत्ती वापरतात. तिच्यासाठी सर्व्हरमधली ‘ऑनलाइन-मोड’ नावाची कळ बंद करावी लागते. ही कळ चालू असते तेव्हा येणारा खेळाडू नाव सांगतो आणि सर्व्हर कंपनीकडे विचारून खात्री करतो : हा खरंच तोच का? कळ बंद केली की विचारणा बंद. जो जे नाव सांगेल ते खरं. मग भलता कुणी यायचा, सर्व्हरच्या मालकाचंच नाव सांगायचा आणि मालकाचे सगळे अधिकार त्याच्या हातात. ‘पाटलांचा मुलगा आहे’ म्हटल्यावर खातरजमा न करता कोठाराची किल्ली द्यावी, तशातला प्रकार.

मूळ खेळापुरतं हे वाडे पाडण्यावर आणि सोनं लुटण्यावर भागतं. पण काही प्लगइन मालकाला थेट कॉम्प्युटरला हुकूम सोडू देतात. मग प्रश्न खेळातल्या सोन्यापुरता राहत नाही.

एका वाड्यातल्या सगळ्या खोल्या

मला वाटतं, खरा धोका इथे आहे आणि त्याकडेच लोक सगळ्यात कमी बघतात. गेमचा कॉम्प्युटर घरच्याच वाय-फायवर असतो. देवडीवर अडवणारा माणूस असतो, पण आतल्या खोल्यांना आपसांत कड्या नसतात. बाहेरचा माणूस एकदा गेमच्या खोलीत शिरला की त्याला बाबांचा लॅपटॉप दिसतो, कॅमेऱ्याची रेकॉर्डिंग पेटी दिसते, राउटरचं सेटिंगचं पानही दिसतं. त्या लॅपटॉपवर पीककर्जाची कागदं, आधारच्या प्रती आणि बँकेचा ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्ड. राउटरचा पासवर्ड कारखान्यातलाच असेल तर देवडीवरचा माणूसही फितूर. कारखान्यातला पासवर्ड ही आपल्याकडे कल्पनेतली भीती नाही. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका घातक प्रोग्रामनं निकामी केले. ज्यांनी मूळचा ‘अ‍ॅडमिन’ हा पासवर्ड कधी बदललाच नव्हता, त्यांचेच ते मोडेम होते.

आत आलेला चोर काही नेईलच असंही नाही. तो तुमच्या ओसरीवर बसून दुसऱ्याचं घर फोडू शकतो, आणि पोलीस पत्ता शोधत येतात ते तुमच्याकडे. महाराष्ट्रानं हे फार कडवटपणे पाहिलं आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी त्यांचा इशारा देणारा एक ईमेल गेला. माग काढत तपास नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत आला. तिथे एक अमेरिकी नागरिक राहत होता. त्याच्या वाय-फायचा वापर बाहेरच्यांनी केला होता. त्याचा कटाशी संबंध नसल्याचं पुढे स्पष्ट झालं, पण तोवर त्याची चौकशी झाली, त्याचे कॉम्प्युटर तपासणीला गेले, नाव जगभरच्या बातम्यांत आलं. तिथे वाय-फाय होतं, इथे गेमचं पोर्ट आहे. इंटरनेटच्या हिशेबात दोन्हीकडे उंबरठा मालकाचाच.

गावाकडे दार मुळी उघडतच नाही, ते का?

आता एक गंमत. गिरडच काय, नागपुरातल्याही अनेक घरांत पोरगं तासन्‌तास राउटरशी झटतं आणि पोर्ट काही उघडत नाही. चूक त्याची नसते. इंटरनेटचे जुने पत्ते केव्हाच अपुरे पडले. आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला लागला. म्हणून पुरवठादार एकेक पत्ता अनेक घरांमध्ये वाटून देतात. तुमच्या वाड्याच्या देवडीबाहेर गावाची आणखी एक वेस असते आणि तिथला राखणदार तुमचा हुकूम मानत नाही. याला सीजीनॅट म्हणतात. ओळखायचं कसं? राउटरच्या पानावर इंटरनेटचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही वेशीच्या आत आहात.

पोरांना हा अडथळा वाटतो. मला विचाराल तर हे न मागता मिळालेलं कुंपण आहे. पण एक कोपरा मोकळा राहतो. नव्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही सिक्सच्या पत्त्यांना तुटवडा नाही. त्यात घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो आणि त्याच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे. तिथे देवडीवरच्या माणसाचं अज्ञान कामी येत नाही, न बोलावता येणाऱ्याला अडवणारी राउटरमधली फायरवॉल जागी असावी लागते. गेम चालत नाही म्हणून कुणी ती सरसकट बंद करायला सांगितली, तर ऐकू नका.

मग खेळायचं कसं?

पोरांनी खेळू नये असं मी म्हणणार नाही. सर्व्हर मांडता मांडता पोरगं जेवढं शिकतं, तेवढं शिकवणीच्या वर्गात शिकणार नाही. प्रश्न दाराचा आहे.

चार भावंडांसाठी जगाला दार उघडायची गरजच नाही. टेलस्केल, झीरोटियर यांसारखी साधनं ठरावीक यंत्रांमध्ये खासगी बोगदा बांधतात. ज्याला निमंत्रण दिलं त्याचंच यंत्र आत, बाकी जगाला दार दिसतही नाही. शिवाय हा बोगदा आतून बाहेर खणला जात असल्यानं सीजीनॅटच्या वेशीतूनही बहुधा पार होतो. घरगुती वापरापुरतं हे फुकटही मिळतं. माझं मत विचाराल तर दहापैकी नऊ घरांना एवढं पुरेल.

अनोळखी लोकांनाही बोलवायचं असेल, तर सर्व्हर घरात ठेवूच नका. महिन्याच्या भाड्यानं बाहेर जागा मिळते. पूर आला तर तो त्यांच्या दारात, आणि आत कुणी शिरलंच तर तिथे बाबांचा लॅपटॉप नसतो. हल्ली घरचा पत्ता लपवून बाहेरच्या कंपनीच्या दारातून माणसं आणणाऱ्या सेवाही निघाल्या आहेत. पत्ता लपतो हे बरं, पण भोळ्या कारकुनाची खोड त्यानं जात नाही. आलेला माणूस शेवटी तुमच्याच कॉम्प्युटरपाशी पोचतो.

> चौकट : घरीच चालवायचा असेल तर
>
> सर्व्हर आणि मॉड नवे ठेवा. जुन्या आवृत्तीशिवाय मॉड चालत नसेल तर मॉड सोडा.
>
> व्हाइटलिस्ट चालू करा, म्हणजे यादीतल्या नावांनाच प्रवेश. ऑनलाइन-मोड चालूच ठेवा. ते बंद असेल तर व्हाइटलिस्टला काही अर्थ नाही.
>
> सर्व्हर कॉम्प्युटरच्या मुख्य खात्यातून चालवू नका. त्याच्यासाठी कमी अधिकारांचं वेगळं खातं काढा. त्या यंत्रावर बँकेचं काम नको.
>
> राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क असेल तर गेमचा कॉम्प्युटर त्यावर ठेवा. खोलीला बाहेरून कडी लावल्यासारखं होतं.
>
> राउटरचा पासवर्ड बदला आणि यूपीएनपी बंद करा. ही सोय चालू असली की घरातला कुठलाही प्रोग्राम तुम्हाला न विचारता दार उघडून घेऊ शकतो.
>
> जगाची प्रत रोज वेगळ्या ठिकाणी साठवा. हल्ला नाही झाला तरी वीज जातेच.

काही विपरीत वाटलंच, म्हणजे कॉम्प्युटर विनाकारण तापतोय, लाइन रात्रीही भरलेली आहे, अनोळखी प्रोग्राम चालू आहेत, तर आधी नेटची तार काढा, मग विचार करा. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून अशी यंत्रं साफ करायची साधनं फुकट देतं. खात्यातून पैसे गेले असतील तर थांबू नका, १९३० वर लगेच फोन लावा. आणि आपल्याच पोराला बदला म्हणून बूटरवाल्याला पैसे द्यावेसे वाटले, तर त्याला आधीच सांगून ठेवा : माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

सुट्टी संपल्यावर

दिवाळी सरते, पोरगं वसतिगृहात परत जातं, कॉम्प्युटर बंद होतो. राउटरला दिलेला हुकूम मात्र तसाच राहतो. राउटर आतल्या यंत्रांना क्रमांक वाटतो आणि ते बदलतही असतात. पोराच्या कॉम्प्युटरचा क्रमांक काही दिवसांनी गोठ्यावरच्या कॅमेऱ्याला मिळाला, तर २५५६५ ला आलेला प्रत्येक माणूस आता त्या कॅमेऱ्यापाशी नेला जातो. आणि पोर्टच्या खटपटीला कंटाळून पोरानं एकाच क्रमांकाऐवजी सगळीच दारं त्या यंत्राकडे वळवून ठेवली असतील (राउटरमध्ये डीएमझेड नावाची तशी सोय असते), तर कॅमेऱ्याचं लॉगिनचं पान सरळ जगापुढे उघडं पडतं.

तुमच्या घरी गेल्या दोन-चार वर्षांत कुणी पोर्ट उघडलं असेल, तर आज संध्याकाळी राउटरचं ते पान एकदा उघडा. जुने हुकूम खोडायला दोन मिनिटं लागतात.